राजकाट्यातला निळा खडा

एका राज्यात राजा जन्मत नसे, तोलला जाई. हो, तोलला जाई, धान्यासारखा. हसू नका, पुढे ऐका.

राजवाड्याच्या महाद्वारापुढे एक काटा उभा होता, हत्तीहून उंच. त्याला राजकाटा म्हणत. त्याला पारडी दोन, एक सोन्याचं, एक तांब्याचं. दर सात वर्षांनी तोलाचा दिवस येई. गादीवर असेल त्याचं सोन्याचं पारडं, गादी मागेल त्याचं तांब्याचं. प्रजेतल्या प्रत्येकानं एक खडा उचलावा, त्यावर आपला श्वास फुंकावा आणि मनाला येईल त्या पारड्यात ठेवावा. तो त्याचा कौल. जे पारडं खाली बसेल, त्याचा राजा. मग खडे पुढच्या तोलापर्यंत तसेच राहत, ऊन खात, वारा खात. त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

ऐकायला किती सरळ वाटतं! पण त्या काट्यावर एक जुनी जादू होती, आणि तिनं सगळा घोळ केला होता.

त्या राज्यात वर डोंगरावर अकरा वाड्या आणि खाली नदीकाठी एक नगर. वाडीत कुठे दहा उंबरे, कुठे पाच. एका वाडीत तर एकटा म्हातारा उरलेला. आणि नगरात माणूस माणसाला खेटून उभा. जादू अशी, की एका वस्तीचे सगळे खडे मिळून एकच मण भरावेत. वाडीचा एक मण, नगराचाही एकच मण. म्हणजे त्या एकट्या म्हाताऱ्याचा खडा मणाचा, आणि नगरातल्या माणसाचा खडा पिसाएवढा.

वरच्यांना हे ठाऊक होतं. राजाला तर चांगलंच ठाऊक होतं. नगरातले मात्र विसरले होते. का विसरले, ते पुढे येईलच.

राजाचं नाव अरिमर्दन. डोंगर बोडके होते, वर एक झाड नव्हतं, ऊन नुसतं भाजून काढी. अरिमर्दनानं अकरा वाड्यांना वचन दिलं, "मला कौल द्या, मी सावली देईन." आणि त्यानं वचन पाळलं. राजे असं एखादं वचन फार इमानानं पाळतात. दर साली फाल्गुन सरला की त्याचे सावलीकापे चांदीच्या कात्र्या घेऊन नगरात उतरत. घरटी एक सावली. माणसाला उन्हात उभं करायचं, टाचेपाशी कात्री लावायची, करकर कापायची. मग सावली चटईसारखी गुंडाळून खेचरावर लादायची आणि वर नेऊन वाडीच्या अंगणात अंथरायची. दरसाल नव्या घरांची पाळी. खाली माणसं तळमळत, वर म्हातारेकोतारे गारव्याला बसत.

सावली गेलेलं माणूस लगेच मरत नसे. विरत जाई. आधी बोटांची टोकं फिकट व्हायची, मग आवाज. दोन उन्हाळे निघत, तिसऱ्यात काही उरत नसे.

नगराच्या रंगारआळीत दोघी बहिणी राहत. थोरली सोयरा, धाकटी गुणाई. आईबाप गेलेले. दोघी निळीच्या रांजणात लुगडी बुडवून पोट भरत. कोपरापर्यंत हात निळे. त्यांच्या घराची पाळी आली तेव्हा सोयरानं आपला पाय पुढे केला.

"माझी कापा," ती म्हणाली.

"तुझी जुनी झाली," कापे म्हणाले. "कोवळी सावली जास्त टिकते."

आणि त्यांनी गुणाईची कापली. दोन वेण्या, एक नेहमीची सुटलेली, अशी ती सावली गुंडाळून नेली. गुणाईचे दोन उन्हाळे गेले. तिसरा तोंडावर आला तेव्हाच तोलाचा दिवस आला.

या खेपेला गादी मागणारा होता सुबंधु, सेनापतीचा मुलगा. त्यानं एवढंच सांगितलं, "मी कात्र्या वितळवीन." नगर पेटून उठलं. म्हणाले, आजवर आपली माणसं कमी पडली, यंदा एकही घरी राहता कामा नये! आजाऱ्यांना खाटेवरून आणलं, आंधळ्यांना हात धरून आणलं, विरत चाललेल्यांना ओल्या घोंगड्यांत गुंडाळून आणलं. नदीच्या वाळवंटात खडा शिल्लक ठेवला नाही. गुणाईलाही सोयरानं पाठुंगळी नेलं. पोरीला वजन कसलं राहिलं होतं! तिनं आपला खडा निळीत बुडवून आणला होता.

"हा कशाला रंगवलास, गुणे?"

"माझा कुठला, ते मला दिसलं पाहिजे ना, अक्का."

तिनं श्वास फुंकला, खडा तांब्याच्या पारड्यात ठेवला. पारड्यावर खड्यांचा डोंगर झाला. तरी ते जेमतेम तसूभर खाली आलं. मग वाड्यांची मंडळी उतरली, मूठभर माणसं. त्यांनी सोन्याच्या पारड्यात मूठभर खडे ठेवले आणि ते पारडं धाडकन जमिनीला टेकलं. अरिमर्दन गच्चीतून हात हलवून आत जेवायला गेला.

नगर मान खाली घालून परतलं. कोणी म्हणालं, खडे पोकळ निघाले. कोणी म्हणालं, पुढच्या खेपेला आणखी माणसं आणू. काय बोलावं या लोकांना!

सोयरा वाळवंटात जाऊन बसली. रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तिथे एक टिटवी रिकाम्या खळग्याभोवती फिरत होती.

"तुमच्या तोलाला आग लागो," टिटवी म्हणाली. "माझी अंडी खडे समजून उचललीत. चारही अंडी तांब्याच्या पारड्यात पडली आहेत."

"माफ कर, टिटवीबाई. आम्ही घाईत होतो."

"घाई करून काय मिळवलंत? काट्यावर तमोनाथाची जादू आहे. जितकी माणसं जास्त आणाल, तितका एकेकाचा खडा हलका. तुम्ही खाटेवरून माणसं आणलीत आणि आपल्याच हातांनी आपला कौल विरळ केलात."

सोयरा उठून उभी राहिली. गुणाईला तिनं पाठुंगळी नेलं होतं, भर उन्हातून, आणि तेही वाया गेलं होतं.

"हा तमोनाथ कुठे असतो?"

"सगळ्यांत वरच्या कोरड्या विहिरीत. चल. मला तरी आता उबवायला काय उरलंय?"

टिटवी पुढे, सोयरा मागे, अशा त्या डोंगर चढल्या. विहिरीच्या तळाशी तमोनाथ बसला होता. त्याची दाढी मुळांसारखी खडकात शिरली होती.

"नाथजी," सोयरा हात जोडून म्हणाली, "तुमची जादू अन्यायाची आहे. ती उठवा."

"मी न्याय केला होता," तमोनाथ म्हणाला. "या डोंगरावर सागाचं रान होतं. नगराला घरं बांधायला लाकूड हवं झालं. सगळ्यांना बोलावून त्यांनी डोकी मोजली. रान तोडावं म्हणणारे नगरभर, नको म्हणणारे वाडीभर. रान तोडलं. डोंगरकरी माझ्यापाशी रडत आले, तेव्हा कुठे होता तुमचा न्याय?"

नगर हेच तर विसरलं होतं. आपल्या घरांचे खांब कुठून आले हे कोणालाच आठवायला नको होतं, आणि त्याबरोबर जादूही विस्मरणात गेली.

"तेव्हा त्यांचं चुकलं," सोयरा म्हणाली. "पण रान तोडणारे मेले, नाथजी. विरतेय माझी बहीण."

तमोनाथ म्हणाला, "तीन गोष्टी कर. नगराच्या घरात गेलेलं डोंगराचं झाड डोंगराला परत दे. ज्याचा खडा सगळ्यांत जड, त्यानं आपणहून म्हणावं, माझा खडा एकाच माणसाचा. आणि नगरानं काट्यापुढे शपथ घ्यावी, की डोंगराचं रान पुन्हा कधी डोकी मोजून ठरवणार नाही. तिन्ही झाल्या की जादू उठेल. एक राहिली तरी नाही."

सोयराला वाटलं, पहिल्या दोन अवघड, तिसरी काय, आपलीच माणसं! वेडी पोर.

ती धावत खाली आली. दारोदार फिरली, "एक खांब द्या हो, सागाचा एक खांब!" खांब कोण देतो? ज्यांच्या घरची माणसं विरत होती, त्यांनीही दार लावून घेतलं. शेवटी ती आपल्याच घरात मधल्या खांबाला हात लावून उभी राहिली. तो काढला तर छप्पर बसणार, आणि गुणाईला जी काय सावली होती ती त्या छपराचीच.

"काढ, अक्का," गुणाई म्हणाली. तिचा आवाज आता वाऱ्यावरून येतो तसा येई. "मला रिकाम्या रांजणात बसव. तिथे गार असतं."

सोयरानं तिला निळीच्या मोठ्या रांजणात बसवलं, वर ओलं लुगडं पांघरलं. खांब ओढला. छप्पर खाली बसलं. ती खांब खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा रांजणातून हाक आली, "लवकर ये हं." सोयरानं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलीच नसती.

एकट्या म्हाताऱ्याची वाडी सगळ्यांत उंच. म्हाताऱ्याचं नाव हैबती. तो अंगणात बाजेवर बसला होता आणि बाजेवर गार सावली पडली होती. भोवती ना झाड, ना मांडव. सोयरानं खाली पाहिलं. सावलीला दोन वेण्या होत्या, एक सुटलेली.

तिच्या खांद्यावरचा खांब खाली पडला.

"आजोबा, या सावलीतून उठा."

"का म्हणून? राजानं दिली आहे."

"ती माझ्या बहिणीची आहे. तिचं नाव गुणाई. ती खाली रांजणात बसली आहे आणि या उन्हाळ्यात विरणार आहे."

म्हाताऱ्यानं पाय वर घेतले. तो सावलीकडे वाकला.

"मी हिच्याशी बोलतो," तो म्हणाला. "दुसरं आहे कोण इथे? बोलताना पोरी म्हणतो. हिला कोणी बहीण असेल असं मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी मी ते राहू दिलं नसतं."

सोयरानं सावली गुंडाळून पाहिली, पण कात्र्या आहेत तोवर ती जमिनीपासून सुटेना. मग तिनं अंगणात खड्डा खणला आणि खांब रोवला. खांबाला तिथल्या तिथे पालवी फुटली, सागाची हातभर पानं लहरली आणि म्हाताऱ्याच्या बाजेवर खऱ्या झाडाची सावली पडली. हैबतीनं पानाला हात लावला. त्याच्या बापानंही या अंगणात झाड पाहिलं नव्हतं. म्हातारा हुंदके देऊन रडला.

"तोलाच्या आधी राजाची माणसं मला गूळ आणतात, पाया पडतात," तो म्हणाला. "माझ्या एकट्याचा खडा तुमच्या नगराएवढा, म्हणून. एरवी मी मेलो काय, जगलो काय. ऐक पोरी, आणि नाथानंही ऐकावं. माझा खडा एकाच माणसाचा."

विहिरीतून घुमल्यासारखा आवाज आला. दोन झाल्या.

सोयरा निघाली तेव्हा म्हाताऱ्यानं तिची ओंजळ धरली. "मी माझं वजन खाली ठेवलं. आता आमच्या हातात काही नाही. उद्या तुमच्या नगरानं पुन्हा डोकी मोजून हे झाड तोडलं तर?"

"नाही तोडणार. शपथ घेऊन सांगतील."

"बघ बाई," हैबती म्हणाला.

ती नगरात आली, चौकात उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. जादू काय, दोन गोष्टी कशा झाल्या, आता एवढी शपथ घ्या. नगरशेट माणकोजी पुढे झाला. पोटानं आणि आवाजानं मोठा माणूस.

"एका माणसाचा एक खडा, हे आमच्या हक्काचं आहे," तो म्हणाला. "हक्काच्या गोष्टीसाठी शपथ का घ्यायची? आम्ही जास्त आहोत, तर आमचं चाललं पाहिजे. रानाचंही."

"शेटजी, तेवढ्यानंच तर हे सुरू झालं."

"आपण विचार करू."

आणि ते विचार करत बसले. चौकात मांडव घातला. एक म्हणाला, अर्ध्या रानाची शपथ घेऊ. दुसरा म्हणाला, शपथेला मुदत घालू. तिसरा म्हणाला, शपथ घ्यावी की नाही हे आधी डोकी मोजून ठरवू! सोयरा प्रत्येकाच्या पाया पडली. रोज घरी येई, रांजणावरचं लुगडं भिजवी. रोज आतून येणारा आवाज आणखी लांबून येई.

"झालं का, अक्का?"

"होतंय गं. उद्या होईल."

एक दिवस लुगडं भिजवताना आतून कोणी विचारलं नाही. सोयरानं वाकून पाहिलं. रांजणाच्या तळाशी पायातला एक वाळा होता. दुसरं काही नव्हतं.

ती रडली नाही. तिनं रांजण कवेत उचलला आणि भर दुपारी चौकात नेऊन मांडवाच्या मधोमध ठेवला.

"बघा," ती म्हणाली.

माणकोजी वाकला आणि मागे सरला. मग दुसरा वाकला, मग तिसरा. ओळीनं सगळं नगर आलं. प्रत्येकानं आत पाहिलं आणि प्रत्येकाला घरी कोण विरतंय ते आठवलं. कोणी अर्ध्याचं बोललं नाही, कोणी मुदतीचं बोललं नाही. सगळे चालत काट्यापुढे गेले. माणकोजीचा आवाज प्रथमच बारीक झाला होता, पण शब्द त्यानंच उच्चारले आणि नगरानं त्याच्यामागून म्हटले, "डोंगराचं रान डोंगरकऱ्यांचं. ते आम्ही पुन्हा कधी डोकी मोजून ठरवणार नाही."

जादू उठली. मेल्या माणसांनो, हेच आठ दिवस आधी म्हणायला काय झालं होतं? राग येतो. सांगताना अजून येतो.

काट्यात मागच्या तोलाचे खडे होतेच. आता प्रत्येक खडा एका माणसाएवढा झाला. तांब्याचं पारडं कुरकुरलं, कललं आणि असं आदळलं की महाद्वाराची कडी निखळली. सोन्याचं पारडं मूठभर खड्यांसकट वर उडालं. अरिमर्दन गच्चीतून सगळं पाहत होता. त्यानं मुकुट काढला आणि मागच्या दारानं निघून गेला. सुबंधु राजा झाला. कात्र्या वितळल्या. विरणारी माणसं विरायची थांबली. डोंगरावर सागाची रोपं लागली, ती नगरातल्याच लोकांनी पाणी वाहून जगवली. हे झालं, नाही म्हणू नये.

आणि सावल्या परत आल्या. डोंगरउतारावरून काळं पाणी घरंगळावं तशा त्या आल्या, आपापल्या माणसाच्या टाचा शोधत. माणसं उन्हात उभी राहून हसत होती, रडत होती. रंगारआळीतही एक सावली आली. दोन वेण्या, एक सुटलेली. बसलेल्या छपरापाशी थांबली, रिकाम्या रांजणाभोवती फिरली, आत उतरून बाहेर आली. तिला टाच सापडेना. शेवटी ती सोयराच्या सावलीशेजारी येऊन पडली आणि तिथेच राहिली.

सोयरा नव्या राजाकडे गेली. "महाराज, तांब्याच्या पारड्यात एक निळा खडा आहे. तेवढा मला द्या."

सुबंधूचे डोळे भरले. "ताई, त्या खड्यांवर मी राजा आहे. तोलाआधी एकालाही हात लावता येत नाही, मलाही नाही. पुढच्या तोलाला पारडी रिकामी होतील, तेव्हा ने."

ती रोज काट्याखाली येऊन बसे. तिथून तो खडा दिसे. टिटवीही येऊन बसे. तिची अंडी त्याच ढिगात उन्हानं वाळून गेली होती. दोघी फारशा बोलत नसत.

सात वर्षांनी पारडी रिकामी झाली. शिपायानं निळा खडा सोयराच्या हातावर ठेवला. निळीचा रंग उडाला होता, एका बाजूला थोडासा राहिला होता. मग तोल सुरू झाला. सोयराची पाळी आली. तिच्या एका हातात वाळवंटातून उचललेला खडा होता, दुसऱ्या हातात तो निळा. पायाशी उन्हात दोन सावल्या पडल्या होत्या.

शिपाई नगरातलाच होता, त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं दोन सावल्यांकडे पाहिलं, दोन खड्यांकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवून हळूच म्हणाला, "टाक ताई, दोन्ही. इतक्या खड्यांत कोणाला कळतंय?"

सोयरा उभी राहिली. रांग थांबली. सुटलेल्या वेणीची सावली पारड्यापर्यंत लांबली होती.

"किती जणी म्हणून लिहू?" शिपायानं हातातली वही उघडून विचारलं.

"एक," सोयरा म्हणाली. तिनं आपला खडा ठेवला, निळा खडा पदराच्या गाठीत बांधला आणि ती घरी गेली.